वरच्या बॅचमध्ये शेवटची की खालच्या बॅचमध्ये पहिली?

निशिगंध
मुलगी आठवीत आहे. आम्ही मुलुंडला राहतो. ती ज्या क्लासला जाते तिथे दर महिन्याच्या परीक्षेनंतर बॅच बदलतात. पहिल्या ३८ मुलांची पहिली बॅच, पुढच्या ३८ जणांची दुसरी, उरलेल्यांची तिसरी. सगळ्यांची नावं, मार्क आणि रँक असलेली यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. जूनपासून लेक दुसऱ्या बॅचमध्ये होती आणि तिथे तिसरी-चौथी असायची. गणपतीनंतरच्या परीक्षेत वर गेली. आम्ही पेढे आणले. आता ती पहिल्या बॅचमध्ये ३६वी आहे.

दोन महिन्यांत पोर बदलली. आधी दारातूनच ‘आज ते गणित मला सगळ्यांत आधी सुटलं’ असं सांगत यायची. आता दप्तर ठेवते आणि गप्प जेवते. परवा तिच्या वहीच्या मागच्या पानावर ३६, ३५, ३६ असे आकडे एकाखाली एक लिहिलेले दिसले. मार्क कमी झालेले नाहीत, दोन वाढलेच आहेत.

नवरा म्हणतो, हुशार मुलांत राहिली की आपोआप वर येईल. मला तशी खात्री वाटत नाही. माझ्या ऑफिसातही वर्षअखेरीला आम्हाला एका रांगेत लावून रेटिंग देतात, आणि त्या महिन्यात माझी घरी काय अवस्था असते ते मला ठाऊक आहे. तिला खाली आणावं का? शाळेतले, नोकरीतले तुमचे अनुभव सांगाल का?

रुळावरचा
रुमाल टाकून ठेवतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हे आजीकडून शंभर वेळा ऐकलंय. तुमचे मिस्टर तेच म्हणताहेत. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता ठाणे फास्टमध्ये एका पायावर उभा आहे.

गणिताच्या बाई
रुळावरचा, तुमच्या म्हणीशेजारी मी दुसरी बांधते: वासरात लंगडी गाय शहाणी. ही म्हण आपण हिणवायला वापरतो. पण परळच्या एका शाळेत ३१ वर्षं गणित शिकवल्यावर मला वाटतं, त्या गायीचं त्यात भलंच होत असतं. ती स्वतःला शहाणी समजते म्हणून हात वर करते. हात वर केला की फळ्यापाशी येते, तिथे चुकते आणि तिथेच शिकते. तीच गाय दुसऱ्या कळपात गेली की हात खाली.

हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून नेमकं हेच अभ्यासलं आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. एक साधारण शाळेत, दुसरं निवडक हुशार मुलांच्या शाळेत. दुसऱ्याचा स्वतःच्या अभ्यासावरचा विश्वास कमी भरतो. कुवत तीच, पण मोजायची पट्टी बदलली. मार्शचं लिखाण मी निवृत्तीनंतर वाचलं, पण ती मुलं मी आधीच पाहिली होती.

आमच्याकडे प्रगतिपुस्तकावर क्रमांक लिहायची पद्धत होती. साठ मुलांचा वर्ग. पहिले दहा जण क्रमांकासाठी भांडायचे. शेवटच्या दहांना तो आधीच माहीत असायचा, ते पुस्तक न उघडता सहीला द्यायचे. मधल्या चाळीस जणांकडे कोणाचंच लक्ष नसायचं. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर आठवीपर्यंत श्रेणी आल्या आणि क्रमांक गेला. तरी पालक जिन्यात गाठून विचारायचे, ‘बाई, पण तसा कितवा आहे हो?’

वर्गात मी जोड्या लावून पाहिल्या. आधी पहिल्याला शेवटच्याशेजारी बसवलं, ते साफ फसलं. पहिला कंटाळला आणि शेवटच्याने नुसतं उतरवून घेतलं. मग बाराव्याला विसाव्याशेजारी बसवू लागले. तिथे जमलं. विसाव्याला बाराव्याचं गणित कुठे अडतं ते दिसत होतं, आणि आपणही तिथवर जाऊ असं वाटत होतं. बाराव्याला समजावून सांगताना स्वतःचीच चूक सापडायची.

निशिगंध, एकच विचारते. वर्गात तिच्या शेजारी कोण बसतं?

आझाद_मैदान
बाईंची पोस्ट वाचून मला क्रिकेट आठवलं, त्यामुळे थोडं अवांतर.

फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्डची सेमीफायनल, आझाद मैदान. शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अभंग भागीदारी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. हे सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र त्या सामन्यातला तिसरा मुलगा आठवतो. पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून होता आणि त्याची पाळीच आली नाही. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० केल्या. प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर धावा. भारताकडून एकही सामना नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता.

मी त्या काळात शिवाजी पार्कवर दुसऱ्या एका नेटमध्ये होतो. माझ्या पिढीतली कितीतरी चांगली पोरं ‘तो बघ कसा खेळतो’ ऐकत ऐकत किट बॅग माळ्यावर टाकून बँकेत लागली. पण तिथे एक गोष्ट खरी होती. संघात ११ जागा. तो आत गेला की मी बाहेर. आठवीच्या गणितात असं कुठे आहे? शेजारणीला गणित सुटलं म्हणून माझ्या मुलीचं बिघडत नाही. जागा ठरलेल्या नसताना क्लासवाल्यांनी त्या ठरवल्या, असं मला वाटतं.

रोखठोक
मी सहमत नाही. जागा ठरलेल्याच असतात, फक्त आठवीत दिसत नाहीत. दहावीनंतर दिसतात. अकरावीच्या यादीत कट-ऑफ एका टक्क्याने हुकलेल्या मुलाला विचारा. आयआयटीचं, मेडिकलचं तर सोडाच. मुलांना आज जपायचं आणि अठराव्या वर्षी एकदम मैदानात ढकलायचं, हे मला क्रूर वाटतं.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं. समोरच्या गॅलरीत माझ्याच वयाचा एक मुलगा अभ्यास करायचा. त्याचा दिवा विझल्याशिवाय मी माझा विझवायचो नाही. बरेचदा रात्रीचे दोन वाजायचे. आज आम्ही दोघंही सीए आहोत. तो समोर नसता तर मी झालो नसतो हे मी शपथेवर सांगेन. तुलनेने मला घडवलं. तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. सहा महिने कळ काढू द्या तिला.

अबोली
रोखठोक, तुमच्या समोर गॅलरी होती. माझ्या घरातच होती.

माझा दादा बोर्डात आला. १९९३ साल, गुणवत्ता यादीत नाव, पेपरात फोटो, चाळीत सत्कार. चार वर्षांनी मला ७१ टक्के पडले. आईने देवापुढे साखर ठेवली, पण शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘दादाएवढे नाही का पडले?’ आणि आई म्हणाली, ‘नाही, ही आपली साधी आहे.’ आई प्रेमानेच म्हणाली. पण मी तो शब्द उचलला आणि वीस वर्षं अंगावर वागवला. गणित आवडत असून आर्ट्सला गेले. ऑफिसात बढतीचा फॉर्म आला की मी भरायचे नाही.

बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली तेव्हा ‘आता पोरांना ईर्षाच राहणार नाही’ असं बरेच जण हळहळले. मला त्या दिवशी हलकं वाटलं होतं.

आकडेमोड
मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. यावर बरंच संशोधन झालंय, आणि रोखठोक व बाई दोघांनाही त्यात आधार सापडेल.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीतला जोडीदार चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिळतो. ब्रूस सॅसरडोट यांनी त्याचा अभ्यास २००१ मध्ये छापला. जोडीदाराच्या गुणांचा आपल्या गुणांवर परिणाम होतो, थोडा पण होतो. म्हणजे पवळ्याला गुण लागला.

मग सॅसरडोट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या एअर फोर्स अकादमीत पुढची पायरी गाठली. जुन्या आकड्यांवरून हिशेब मांडून कच्च्या मुलांना मुद्दाम खूप हुशार मुलांच्या तुकड्यांत घातलं. अपेक्षा अशी की कच्चे वर येतील. कच्चे आणखी घसरले. तुकडीत दोन टोकं झाली, आणि कच्च्यांनी कच्च्यांचाच कंपू केला. हे २०१३ मध्ये छापून आलं. कागदावर शेजारी बसवणं वेगळं आणि खरोखर शेजारी बसणं वेगळं. बाईंनी पहिला-शेवटचा जोडी मोडली, ती याच अनुभवातून.

उलट बाजूही आहे. केनियात प्राथमिक शाळांना एक जादा शिक्षक देऊन पहिलीच्या वर्गाचे गुणांनुसार दोन भाग केले. एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास, २०११ चा. तिथे वरचा गट सुधारला आणि खालचाही, कारण शिक्षकाला मुलांच्या पातळीवर येऊन शिकवता आलं. त्यामुळे वेगळ्या बॅच करणं हेच वाईट, असं मी म्हणणार नाही. बॅच करून पुढे शिकवण्यात काय बदललं, ते बघायला हवं.

आणि माझा सगळ्यांत आवडता, २००९ चा. अमेरिकेतल्या सुपरमार्केटचे कॅशिअर. पाळीवर एखादी चपळ कॅशिअर आली की बाकीच्यांचे हातही भराभर चालायला लागतात. मास आणि मोरेटी या अभ्यासकांनी कोण कोणाकडे तोंड करून बसतं तेही तपासलं. ती चपळ बाई ज्यांना दिसते, त्यांच्यात फरक पडत नाही. ज्यांच्या पाठीवर तिची नजर असते, ते वेग वाढवतात.

चहाची_तल्लफ
म्हणजे आमच्या ऑफिसात साहेबांची केबिन काचेची आणि आमच्या मागे का आहे, ते आज कळलं! +१, फार छान धागा.

लोअर_परळ
निशिगंधने ऑफिसचं विचारलंय म्हणून लिहितो.

सात वर्षं मी टीम लीड होतो. दर मार्चला अप्रेझल आणि बेल कर्व्ह. ११ जणांची टीम, त्यातल्या दोघांना ‘अपेक्षेपेक्षा कमी’मध्ये टाकायचंच, हा कोटा वरून आलेला. एका वर्षी अकराही जणांनी जीव तोडून काम केलं होतं. मी तीन रात्री ती एक्सेल शीट उघडून बसलो. शेवटी बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या मुलीचं नाव खाली टाकलं, कारण तिचे महिने कमी भरत होते. तिने केबिनमध्ये येऊन फक्त ‘ओके’ म्हटलं. मला अजून तो ‘ओके’ ऐकू येतो.

पुढचं महत्त्वाचं आहे. तिने एक स्क्रिप्ट लिहिली होती, चार तासांचे रिपोर्ट ४० मिनिटांत व्हायचे. आधीच्या वर्षी असती तर सगळ्यांना दिली असती. त्या वर्षी ती स्वतःच्याच मशीनवर ठेवली. मला ती नोकरी सोडून गेल्यावर कळलं. मी तिला दोष देऊ शकत नाही. शेजाऱ्याला वर नेलं तर मी खाली जाणार, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. आझाद_मैदान म्हणाले तेच, नसलेल्या जागा आम्ही ठरवल्या.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १० अशी वाटणी प्रसिद्ध केली आणि जगभर तिची नक्कल झाली. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची वर्गवारी २०१३ मध्ये सोडून दिली.

आकडेमोड
लोअर_परळ, मनापासून लिहिलंत. पगाराबद्दल जोडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार एका वेबसाइटवर सगळ्यांना बघता येतात. काहींना मुद्दाम ती वेबसाइट कळवली. आपल्या विभागात ज्यांचा पगार मधल्या पातळीच्या खाली निघाला, त्यांचं समाधान घटलं आणि ते दुसरी नोकरी शोधू लागले. वरच्यांना काहीच विशेष आनंद झाला नाही. २०१२ चा अभ्यास. तुलनेत हरणारा हरतो, पण जिंकणाऱ्याच्या पदरातही फारसं पडत नाही.

आपल्या ओडिशातलाही आहे, २०१८ चा, ३७८ कामगारांवरचा. शेजाऱ्यापेक्षा कमी मजुरी मिळाली की माणसं कमी माल काढू लागली, कामावरही कमी येऊ लागली. पण शेजारी खरोखर जास्त माल काढतो हे जिथे डोळ्यांना दिसत होतं, तिथे असं झालं नाही.

साचेखाता
हे वाचून आजोबा आठवले. ते मिलमध्ये साचेखात्यात होते, जितकं कापड तितका पगार. नवा पोरगा जोशात जास्त कापड काढायला लागला की जुने त्याला चहाला बाहेर नेत आणि सांगत, ‘दम धर. तू इतकं काढलंस तर उद्या मालक भाव पाडेल आणि सगळ्यांनाच तितकं काढावं लागेल.’ लहानपणी मला तो आळशीपणा वाटायचा. आता वाटतं, ती पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून एकमेकांना धरून राहणं होतं. अमेरिकेत हॉथॉर्नच्या कारखान्यात १९३१-३२ मध्ये अभ्यासकांना हेच दिसलं होतं, गटाने ठरवलेल्या मापापेक्षा जास्त काम करणाऱ्याला गटच आवरायचा. म्हणजे शेजारी वर खेचतो तसा खालीही धरून ठेवतो. आकडेमोड, तुमच्या एअर फोर्सच्या कच्च्या मुलांचंही तेच झालं असेल का?

रुळावरचा
सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं. चर्चगेटला रोज डबेवाले बघतो. १८९० पासूनचा हा धंदा. गटातले सगळे खर्च काढून उरलेली कमाई सारखी वाटून घेतात. मग कोण पुढे, कोण मागे हे मोजायचं कसं? एकाला विचारलं. म्हणाला, ‘माझ्यामुळे गाडी चुकली तर सगळ्यांचे डबे राहतात. ती लाज मोठी.’ पैशात तुलना नाही, पण वेळेत आहे, आणि ती फार कडक आहे.

रोखठोक
सारखी वाटणी म्हटलं की कामचुकाराचं फावतं. मोठ्या कंपनीत हे एक दिवस चालणार नाही.

रुळावरचा
मोठ्या कंपनीत नाहीच चालणार. गट लहान असतो, मुकादम असतो, आणि स्टेशनावर डबे बदलताना सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर. तुमच्या गॅलरीसारखंच की.

गणिताच्या बाई
रोखठोक, गॅलरीवरून आठवलं. तुमच्या त्या समोरच्या मुलाशी तुमचं बोलणं होतं का?

रोखठोक
होतं म्हणजे काय बाई! त्याची कॉस्टिंगची वही माझ्याकडे, माझी ऑडिटची त्याच्याकडे. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्या आईने दोघांना पिठलं-भात वाढला होता. तुमचा रोख कळला मला. खरं आहे, त्याने वही झाकली असती तर नुसत्या दिव्याने मी सीए झालो नसतो. पण दिवाही हवाच होता, ते मी सोडणार नाही.

कोकणकन्या
मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्यांचं कोणी लिहिलं नाही अजून. दहावीला शाळेत पहिली, कॉलेजात पहिल्याच युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ६. मी मठ्ठ झाले असंच मला वाटलं. प्रत्यक्षात ‘त्वरण’ मला येत होतं, ‘ॲक्सिलरेशन’ हे तेच आहे हे समजायला दोन महिने गेले. रांगेतला नंबर फक्त कितवी ते सांगतो, का ते सांगत नाही.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या जवळपास बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात वाचली, तेव्हा दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. मला ते वाचून रडू आलं. माझ्या बाबतीत नुसती भाषा होती, त्या मुलांना काय काय पार करावं लागत असेल. ग्रुपवर नावासकट याद्या टाकणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावा.

अबोली
कोकणकन्या, घट्ट मिठी. ‘का ते सांगत नाही’ हे मी लिहून ठेवलं.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस रोज रात्री वाचत होते. नवऱ्यालाही वाचायला दिलं, लोअर_परळ यांची पोस्ट त्याने दोनदा वाचली.

बाईंनी विचारलं तेच लेकीला विचारलं, शेजारी कोण बसतं? तेव्हा कळलं की पहिल्या बॅचमध्ये बाकांवरही रँकनुसार बसवतात. ही शेवटच्या रांगेत. एका बाजूला ३५वी, ती लिहिताना वही हाताने झाकते. दुसऱ्या बाजूला ३७वा, त्याला सारखी खाली जायची भीती, तो बोलतच नाही. दुसऱ्या बॅचमध्ये हवं तिथे बसता यायचं. तिथे ती आमच्या इमारतीतल्या मैत्रिणीशेजारी बसायची आणि एकाच कच्च्या कागदावर दोघी गणितं सोडवायच्या. मी इतके दिवस नंबराचं दुःख समजत होते. तिला कच्च्या कागदाची आठवण येत होती.

काल क्लासच्या सरांना भेटले. आधी ‘नियम सगळ्यांना सारखा’ म्हणाले. लेखी अर्ज दिल्यावर तयार झाले, पण आता मार्चपर्यंत वर येता येणार नाही, ही अट. लेकीला विचारूनच हो म्हटलं. यादी सगळ्यांच्या ग्रुपवर न टाकता ज्याच्या त्याच्या पालकांना पाठवा, असं आम्ही चार पालकांनी मिळून लिहून दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. रोखठोक, तुमचा मुद्दा मी टाकून दिलेला नाही. नववीत पुन्हा विचार करू, तिच्याशी बोलून.

रोखठोक
योग्य केलंत. मैत्रीण कितवी आहे?

निशिगंध
विचारलं नाही.

गणिताच्या बाई
छान. सध्या कुठला धडा चाललाय?

निशिगंध
चौकोनांच्या रचना. सोमवारपासून जुन्या बॅचमध्ये जायचं आहे, पण ती आजच कंपास घेऊन खाली दुसऱ्या मजल्यावर गेली आहे. जेवायला दोनदा हाक मारली, अजून आलेली नाही.